तातामीवाल्याची आठ नावं

चारांपैकी दोन कागदी दारं झाली होती, दोन राहिली होती. झालेली दोन ओसरीत उन्हाला टेकवून ठेवली होती. तिसऱ्याचा वर्षभरात पिवळा पडलेला कागद ओल्या फडक्याने सोलून काढला होता आणि त्याच्या उघड्या पट्ट्यांना मी कुंचल्याने खळ लावत होते. खळ लावायला घेतली की थांबता येत नाही. इकडची पट्टी होईपर्यंत तिकडची वाळते. नेमक्या अशा वेळी दाराच्या पलीकडून एका चौकोनात दोन डोळे आले आणि त्याच्या खालच्या चौकोनात तोंड.

"मिनोसान, एक नाव सांगतो. कसं वाटतं, खरं खरं सांगायचं."

डोळे आणि तोंड मागारा तेइसुके यांचं. आमच्या काजीउरा गावचे तातामीवाले, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या गवताच्या जाड चटया शिवणारे. वर्षअखेरीची साफसफाई काढली होती, म्हणून आमच्या सहा चटयांच्या खोलीला नवं आवरण घालायला मीच त्यांना बोलावलं होतं. सकाळपासून त्यांनी एक चटई उचलली होती.

"आधी दुसरी उचला," मी म्हटलं, "मग सांगा."

"र्यूमिन."

"म्हणजे?"

"झोपलेला ड्रॅगन." खालच्या चौकोनात हसू आलं. "म्हणजे कसं, अंगात ताकद आहे, पण दाखवायची हौस नाही. जागा झाला की मग बघा."

"झोपलेला, एवढं खरं आहे हो," अंगणातून आवाज आला. त्यांच्या बायकोचा, फुसाएसानचा. हातगाडीवर पहिली चटई ती एकटीच चढवत होती. "जागा कधी होणार ते सांगा, म्हणजे दुसरी चटई त्याच्याकडूनच उचलून घेते."

मी म्हटलं, छान आहे नाव. रोजच्या वहीत खोटं लिहायचं नाही असा माझा नेम आहे. बोलण्याबद्दल तसा नेम मी केलेला नाही.

हे त्यांचं आठवं नाव. मी मोजलंय असं कुणाला वाटेल, पण मोजायची गरजच पडली नाही. सकाळी देवघरात भात आणि चहा ठेवला की मी आदल्या दिवसाबद्दल चार ओळी लिहिते, आणि दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी टेकडीवरच्या कान्नोनदेवीच्या देवळात आमची हायकूंची बैठक असते, त्या पानांवर मागारासानांचं त्या त्या वेळचं नाव आपोआप आलेलं आहे. अकरा वर्षांच्या वह्या चाळल्या तर वाटतं, आमच्या बैठकीला आठ निरनिराळी माणसं येऊन गेली आणि आठही जणांना यश आलं नाही.

आता त्यांच्याबद्दल थोडं चांगलं लिहिते, नाहीतर देवी म्हणेल, ही बाई पूजा करते आणि शेजाऱ्याची थट्टा करते.

मागारासान त्रेसष्ट वर्षांचे. आजोबा तातामीवाले, वडील तातामीवाले. हातभर सुई घेऊन जाड गवतातून दोरा ओढायचा आणि उजव्या कोपराने दाबून घट्ट करायचा, असं पन्नास वर्षं केल्यामुळे त्या कोपराला बैलाच्या खांद्यासारखा घट्टा पडलेला आहे. गावातल्या प्रत्येक घराची जमीन त्यांनी गुडघ्यांवर बसून मोजलेली आहे. कुणाच्या घरात चटईखाली काय दडवलेलं असतं, हे सगळं त्यांना ठाऊक. पत्रं असतात, फोटो असतात, एका घरी तर खोटा दात सापडला होता आणि तो घरातल्या कुणाचाच नव्हता. कुणाच्या घरी, ते विचारून बघा. आजवर त्यांनी सांगितलेलं नाही. इतका तोंडाचा पक्का माणूस, पण समोर हायकूची चिठ्ठी आली की त्यांना कसलाच धरबंध राहत नाही. सारस उडतात, शिखरं उभी राहतात, चंद्र तर महिन्याला दोन. आमच्या गावात सारस शेवटचा कधी उतरला ते माझ्या सासूबाईंनाही आठवत नव्हतं.

नावांचं सगळं सुरू झालं ते पहिल्याच दिवशी. आमच्या बैठकीच्या सेन्सेई, म्हणजे गुरू, कात्सुरा नुई, शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, आता शहाऐंशीच्या. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलंय. मागारासान तिसरीत त्यांच्या वर्गात होते आणि तेव्हाही दाराजवळच बसायचे म्हणे. सेन्सेईंची रीत अशी की नव्या माणसाला टोपणनाव त्या देणार, आणि ते त्याच्या हातातल्या कामातून काढून देणार. त्यांचं स्वतःचं नाव तोशिन, म्हणजे दिव्याची वात. डॉक्टर हिदाका यांचं नाव सुई. दारूच्या भट्टीच्या मालकीणबाईंचं नाव बूच. पोस्टमास्तर सोनोबे यांचं डिंक. मला त्यांनी शाकुशी केलं, भात वाढायची पळी. मला आवडलं. पळी कधी उपाशी राहत नाही.

मागारासान त्या दिवशी उशिरा आले आणि दाराशी कडेला बसले. सेन्सेईंनी कागदाच्या कपट्यावर एक अक्षर लिहून त्यांच्याकडे सरकवलं; आमच्या लिपीत एका अक्षरात अख्खा शब्द मावतो. हेरी. म्हणजे तातामीचा काठ, चटईच्या लांब बाजूंना शिवतात ती कापडाची पट्टी. मागारासानांनी ते अक्षर बघितलं, आपण बसलो होतो ती जागा बघितली आणि कपटा खिशात घातला. पायऱ्या उतरताना मला म्हणाले, "बघितलंत? एकदा उशीर झाला तर काठ. कडेचा माणूस. तिसरीतलं अजून विसरल्या नाहीत."

पुढच्या महिन्यात ते स्वतःच नाव घेऊन आले. कोहो, एकुलतं उंच शिखर. सेन्सेईंनी "बरं" म्हटलं आणि हजेरीत तसं लिहून घेतलं.

आमच्याकडचं सगळ्यात उंच शिखर म्हणजे संत्र्यांच्या बागेची टेकडी, आणि गुडघ्यांमुळे मागारासान तिच्यावरही अर्ध्यापर्यंतच जातात. कोहो वर्षभर टिकले. मग झानगेत्सु आले, पहाटेचा उरलेला चंद्र. त्या वर्षी त्यांनी नववर्षाच्या सगळ्या पोस्टकार्डांवर फक्त हेच नाव लिहिलं. गावात तीन दिवस चर्चा, हा उरलेला चंद्र कोण आणि तो आपल्या तब्येतीची चौकशी का करतोय. लोकांनी उत्तरं पाठवली ती झानगेत्सु यांच्या नावाने. नवीन पोस्टमनने इमानदारीने सगळी परत केली, "या नावाचे कोणी येथे राहत नाही" असा शिक्का मारून. फुसाएसान म्हणाली, "बरोबरच आहे. मीसुद्धा शोधतेय त्यांना."

उन्काकु, म्हणजे ढगातला सारस, हे तिसरं. ते ऐकून देवळातले भटजी जरा गंभीर झाले. "मागारासान, असलं भारदस्त नाव आम्ही माणूस गेल्यावर देतो. आणि तेही चांगल्या घरातल्याला." पुढच्या महिन्यात सारस गेला. मधल्या एका नावात अक्षर इतकं अवघड होतं की एकदा त्यांच्याच हातून त्यातली रेघ चुकली आणि ते महिनाभर बेडूक होऊन राहिले. बाकीची दोन-तीन लिहीत नाही. माणसाची सगळीच मापं काढू नयेत.

एवढी नावं कशासाठी? तर अकरा वर्षांत सेन्सेईंनी त्यांचं एकही हायकू निवडलेलं नाही. आणि मागारासानांच्या मते दोष हायकूचा नाही, नावाचा. बैठकीत हायकू निनावी द्यायचं असतं, निवडणाऱ्याला नाव दिसतच नाही, हे मी त्यांना एकदा समजावून पाहिलं.

"दिसत नाही," ते म्हणाले, "पण वास येतो."

या वर्षी मात्र गोष्ट थट्टेची राहिली नव्हती. नववर्षानंतर सेन्सेई मुलीकडे ओकायामाला कायमच्या राहायला जाणार होत्या. डिसेंबरची बैठक त्यांची शेवटची. त्या बैठकीत त्या बारा हायकू निवडणार, एका माणसाचं एकच, आणि ती बारा एका मोठ्या फळीवर शाईने लिहून, खाली ज्याचं त्याचं नाव घालून, कान्नोनदेवीला अर्पण करायची होती. देवळाच्या सभामंडपात तुळईखाली तशी एक जुनी फळी आहे. शंभर वर्षांहून जुनी. शाई बरीचशी उडालीय, तरी काही नावं वाचता येतात. मागारासान लहान असताना त्यांनी वडिलांना एका नावाकडे बोट दाखवून विचारलं होतं, हा कोण? वडील म्हणाले होते, "कुणास ठाऊक. पण बघ, आहे."

हे मला फुसाएसानने सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडे मूलबाळ नाही. दुकान ह्यांच्यानंतर बंदच होणार. तर ह्यांना वाटतं, नाव कुठेतरी 'आहे' असावं. बाकी काही नाही हो."

बैठकीत पंधरा माणसं. फळीवर बारा. तीन उरणार, आणि त्यातले एक आपणच, याची मागारासानांना अकरा वर्षांच्या अनुभवाने खात्री होती. म्हणून हा झोपलेला ड्रॅगन.

तर त्या दिवशी माझ्या खोलीत तिसरी चटई उचलली गेली आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मी पट्टीवर कागद ताणून बसवला, कडा कापल्या, तरी शांतता. चौकोन बंद झाले होते म्हणून उठून बघावं लागलं. मागारासान उघड्या फळ्यांवर मांडी घालून, चटईखाली घातलेलं जुनं वर्तमानपत्र वाचत होते. नऊ वर्षांपूर्वीचं. मागच्या खेपेला त्यांनीच ते तिथे अंथरलं होतं.

"मागारासान, पेपर वाचायला बोलावलं नव्हतं तुम्हाला."

"मिनोसान, त्या वर्षीचं बर्फ आठवतंय? बंदरात होड्यांवर गुडघाभर. हे बघा, आलंय यात. बस बंद, शाळा बंद. आणि इथे खाली लिहिलंय, उद्याही पडेल."

"पडलं का?"

"कोण जाणे. उद्याचा पेपर दुसऱ्या कुणाच्या तरी चटईखाली असणार."

ते पान त्यांनी घडी घालून बंडीत ठेवलं, वाचून परत करतो म्हणाले. चौथ्या दारासाठी आणलेला नवा कागद तोवर माझ्या फडक्यातल्या पाण्याने भिजून गेला होता, त्यामुळे ते दार तसंच राहिलं.

रविवारी आम्ही पंधराही जण देवळात जमलो. बाहेर ऊन, पण वारा बोचरा. प्रत्येकाने तीन हायकू, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर, नाव न घालता आणायची असतात. देवळाच्या पायऱ्यांशी फुसाएसान नवऱ्याच्या चिठ्ठ्या तपासत होती. तिला हायकू येत नाही, पण चहा करायला ती दर खेपेला येते, आणि अकरा वर्षं चहा करून तिला हायकूत कुठल्या ऋतूत काय चालतं ते कळायला लागलंय.

"सारस, ठीक. चंद्र, ठीक. आणि ही कोकिळा कसली? डिसेंबरात?"

"का? नसते?"

"ड्रॅगन झोपला म्हणून कोकिळा जागी बसेल काय! ही नाही द्यायची. लोक हसतील."

मग मागारासानांनी चपलांच्या फळीवर चिठ्ठी ठेवून, उभ्या उभ्या, वाकून, तिसरं काहीतरी खरडलं आणि शेवटचे आत आले. नेहमीप्रमाणे दाराशी बसले.

पुढची रीत अशी. सगळ्या चिठ्ठ्या मिसळायच्या, वाटायच्या, आणि आपल्या वाट्याला आलेल्या चिठ्ठ्या स्वच्छ कागदावर उतरवून काढायच्या, म्हणजे अक्षरावरूनही माणूस ओळखू येऊ नये. मग ते कागद हातोहात फिरतात आणि प्रत्येकाने आवडलेली तीन निवडायची. चौथा कागद माझ्याकडे आला, भट्टीवाल्या बूचबाईंच्या ठसठशीत अक्षरात, आणि त्यावर खालून दुसरं होतं,

चटई उचलली
खालच्या जुन्या पेपरात
बर्फ पडतंय

मी नजर वर केली नाही. केली असती तर दाराकडेच गेली असती. ते बर्फ माझ्या घरातलं होतं, माझ्या सहा चटयांच्या खोलीतलं. पण मला लेखक ठाऊक होता, आणि ठाऊक असताना निवडणं म्हणजे नैवेद्याच्या ताटातलं आधी चाखण्यासारखं. मी ते सोडून दुसरी तीन निवडली. वाईट वाटलं, पण सोडलं.

आमच्या निवडी वाचून झाल्या. र्यूमिन यांचा सारस कुणी घेतला नाही. चंद्राला डॉक्टरांनी चुकून हात लावला होता, पण नंतर खोडलं. मग सेन्सेईंचा कागद पोस्टमास्तर सोनोबे यांच्या हाती आला. ते खाकरले. त्यांचं वाचणं पोस्टातल्यासारखंच असतं, एकेक हायकू म्हणजे जणू नोंदणीचं पत्र. मालकाने हजर असून सही करायची. इथे सही म्हणजे नाव पुकारणं. आपलं हायकू वाचलं गेलं की लगेच मोठ्याने आपलं टोपणनाव सांगायचं. दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. आणि मालक नसलेलं हायकू फळीवर जाणार नाही, हे सोनोबे यांनी सुरुवातीलाच दोनदा बजावलं होतं.

पहिलं हायकू वाचलं. "सुई!" डॉक्टर म्हणाले. दुसरं. "बूच!" असं करत अकरा झाली. सोनोबे यांनी मधेच स्वतःचंच हायकू वाचून स्वतःच "डिंक!" म्हणून स्वतःलाच मान डोलावली. माझं त्यात नव्हतं. वाढणाऱ्याने शेवटी बसावं, ते बरोबरच आहे.

दाराशी मागारासान खाली बघत होते. त्यांनी पेन्सिल खिशात घातली होती, टोपी मांडीवर घेतली होती. मनाने ते केव्हाच पायऱ्या उतरून घरी गेले होते.

"बारावं आणि शेवटचं," सोनोबे म्हणाले. "चटई उचलली, खालच्या जुन्या पेपरात, बर्फ पडतंय."

नाव पुकारलंच गेलं नाही.

सोनोबे यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "पुन्हा वाचतो. चटई उचलली..."

मी माझ्या गुडघ्यांकडे बघत मनातल्या मनात कान्नोनदेवीला म्हटलं, त्यांना कोपराने ढकल, काहीही कर. मागारासानांनी मान वर केली होती. चेहरा पांढरा पडला होता. तोंड उघडलं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. आठ नावं घशात एकदम दाराशी आली असणार आणि एकालाही बाहेर पडता येत नसणार.

"को..." ते म्हणाले. मग, "र्यू..." मग पुन्हा तोंड मिटलं.

"कोण? कुणाचं आहे?" सोनोबे यांचा आवाज चढला. "तिसऱ्यांदा वाचतो, शेवटचं. मालक नसेल तर बाजूला ठेवावं लागेल. चटई उचलली, खालच्या जुन्या पेपरात, बर्फ..."

आतल्या खोलीतून, जिथे चहाची किटली होती तिथून, फुसाएसानचा खणखणीत आवाज आला.

"अहो! फोन!"

मागारासान जागच्या जागी ताठ झाले आणि भरदार आवाजात म्हणाले, "हो जी! मागारा तातामी दुकान!"

सगळी खोली हसली. भटजी हसता हसता मागे रेलले. देवळात फोन नाहीच, ही गोष्ट मागारासान सोडून सगळ्यांच्या लक्षात आली होती. त्यांनी तर फोन उचलायला हातही पुढे केला होता.

"हे टोपणनाव नव्हे," हसू दाबत सोनोबे म्हणाले. ते नियमाचे पक्के. "मालक सापडला, मान्य. पण फळीवर 'मागारा तातामी दुकान' लिहायचं काय? देवीला जाहिरात अर्पण करायची? मागारासान, नाव सांगा. आत्ताचं काय आहे तुमचं?"

"र्यूगेत्सु," मागारासान म्हणाले.

"झोपलेला ड्रॅगन ना?"

"हो. म्हणजे र्यूमिन. की कोहो लिहिता? कोहो जुनं आहे. नाहीतर उन्काकु..." त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती किटली घेऊन दारात उभी होती आणि मदत करायची तिची अजिबात इच्छा दिसत नव्हती. एकदा केली तेवढी पुरे.

तेव्हा सेन्सेई उठल्या. एक हात काठीवर, एक हात गुडघ्यावर. डॉक्टर मदतीला सरकले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. त्यांच्या जागेपासून दारापर्यंत चार चटया. पहिल्या चटईचा काठ आला तेव्हा थांबल्या, पाऊल उचललं, काठाच्या पलीकडे टेकवलं. दुखऱ्या गुडघ्याचं दुसरं पाऊल तसंच उचलून पलीकडे घेतलं. मग दुसरा काठ. मग तिसरा. लहानपणापासून आम्हा सगळ्यांना हेच शिकवलेलं आहे की तातामीच्या काठावर पाय द्यायचा नाही, आणि रोज शंभरदा आम्ही तो ओलांडतो, पण इतक्या सावकाश कुणी ओलांडताना मी प्रथमच पाहिलं. सगळे बघत राहिले.

मागारासानांच्या समोर त्या टेकल्या. श्वास घेतला.

"अकरा वर्षं झाली, मागारासान," त्या म्हणाल्या, "तुमच्या नावावर मी एकदाही पाय दिलेला नाही."

मागारासानांनी खाली पाहिलं. दोघांच्या मधे चटईचा काठ होता, गर्द हिरवा, त्यांनीच शिवलेला.

मग ते म्हणाले, "सेन्सेई, मला वाटलं, मी कडेला बसलो होतो म्हणून..."

"कडेला बसलाच होतात. तिसरीतही बसायचात. नाव द्यायला डोळ्यांसमोर काहीतरी लागतं की नाही?" मग त्यांनी वाकून चटईकडे पाहिलं. "आणि हा उजवीकडचा काठ जरा वाकडा शिवलाय."

"ती चटई त्या वर्षीची आहे, कोपर दुखत होतं..."

"असू दे. असू दे. बर्फ चांगलं पडलंय."

मागारासानांनी टोपी डोक्यावर घातली, मग आपण देवळात आहोत हे लक्षात येऊन काढली, मग पुन्हा मांडीवर ठेवली. फुसाएसान किटली घेऊन मागे वळली आणि तिला चहा ओतायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

एवढ्यावर मिटायला हवं होतं, पण भटजींना अक्षरांची आवड. ते म्हणाले, "सेन्सेई, एक अडचण आहे. 'हेरी' लिहितो ते अक्षर लोक 'एन' असंही वाचतात, आणि एन म्हणजे ऋणानुबंध. शंभर वर्षांनी कुणी वाचणारा उभा राहिला तर त्याला ते 'ऋणानुबंध' असंच वाटणार."

"अरे वा!" सोनोबे म्हणाले. "मग तेच ठेवा की! ऋणानुबंध. काय भारदस्त आहे. मागारासान, तुम्हाला हवं होतं तसंच."

सेन्सेईंनी मागारासानांकडे पाहिलं. मागारासान, ज्यांना आजवर भारदस्त नाव दिसलं आणि त्यांनी ते घेतलं नाही असं झालेलं नाही, ते म्हणाले, "उद्या सांगतो." घरी जाताना त्या दोघांच्या मागे चार पावलं मी होते. त्यांनी पूर्ण रस्ताभर एकदाच तोंड उघडलं.

"फोन कुणाचा होता?"

"चुकीचा नंबर," फुसाएसान म्हणाली.

काल, सोमवारी, आमच्या चटया नवं आवरण होऊन आल्या. गवताचा ओला हिरवा वास घरभर झाला, सकाळच्या उदबत्तीचाही पत्ता लागेना. मी काठाचं कापड कोणतं ते सांगितलं नव्हतं. त्यांनी साधं काळं घातलंय, पण शिवण अशी सरळ की दोरी लावून बघावी. मी तसं म्हटलं तर ते म्हणाले, "यावर माझं नाव आहे, मिनोसान." आणि मग स्वतःच लाजले आणि सुतळी शोधायला लागले.

फळ्यांवर त्यांनी नऊ वर्षांपूर्वीचा तो पेपर परत अंथरला, बर्फाचं पान वर. त्यावर सोमवारचा ताजा पेपर.

"आजच्यात काय आहे?" मी विचारलं.

"ऊन. उद्या वारा, म्हणतात." त्यांनी कोपरे सारखे केले. "पुढच्या खेपेला जो उचलेल तो वाचेल."

शेवटची चटई बसवताना त्यांनी काठावरून एकदा तळहात फिरवला. फुसाएसान अंगणातून म्हणाली, "झालं का हो, काठसाहेब? दुपारचं जेवायचंय."

"आलो. जेवून मला जायचंय."

"कुठे?" मी विचारलं. माझं चौथं दार अजून तसंच उघडं होतं, आणि मनात होतं की जाता जाता त्यांच्याकडून जरा उचलून घ्यावं.

त्यांनी दार ओसरीत आणून दिलं, मला खळीचं भांडंही जवळ सरकवून दिलं. म्हणाले, भटजींचं म्हणणं बरोबर आहे, लोक चुकीचं वाचतील आणि मग शंभर वर्षं तिथे कुणी भलताच भारदस्त माणूस बसेल. म्हणून जेवण झालं की बंदरगल्लीत पाट्या लिहिणाऱ्या इकुतांकडे जायचंय, त्या अक्षराशेजारी बारीक अक्षरांत 'हेरी' लिहा म्हणून सांगायला.